छपरासकट घेतलेली गाडी

ट्रक घ्यायच्या आधी मी सतरा कॉलमची एक्सेल शीट केली होती. हे सांगताना आजही मला माझाच राग येतो. इंजिन, मॉडेलचं वर्ष, किती चाललीय, टायर, विमा, एसी, पुढे किती माणसं बसतात, सगळं त्यात होतं आणि प्रत्येक गाडीला शंभरापैकी मार्क होते. नवरा म्हणाला, "मुलीची शाळा निवडताना एवढी शीट केली नव्हतीस." मी म्हटलं, "शाळा बदलता येते. ट्रक घेतला की घेतला." काय तो माझा तोरा!

मुळात हे ट्रकचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते नोकरी गेल्यावर. पंधरा वर्षं मी जबल अलीच्या एका वेअरहाउसमध्ये माल पाठवायचं काम बघत होते. आमचं घर अबुधाबीला, अल रीम आयलंडवर, एकोणिसाव्या मजल्यावर. रोज जाऊन येऊन अडीच तास गाडी हाकायची. एका सोमवारी कंपनीने आमचं अख्खं डिपार्टमेंट दुसऱ्या देशात हलवलं आणि मला हातात पत्र दिलं. घरी बसून मी पंधरा दिवसांत सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. मग एक दिवस डोक्यात आलं की आपण हॉट शॉटचं काम करावं.

हॉट शॉट म्हणजे तातडीचा माल. वाळवंटात कुठेतरी तेलाच्या विहिरीवर पंप बंद पडतो, सगळं काम ठप्प होतं, आणि एकच एक नग ताबडतोब तिकडे पोचवावा लागतो. मोठा ट्रेलर भरायची वाट कोण बघणार? छोटी गाडी, एक ड्रायव्हर, एक नग, आणि यल्ला, निघा. वेळेत पोचलात तर तुमच्यासारखे तुम्हीच, नाही पोचलात तर पुन्हा कोणी फोन करत नाही. मला हे फार आवडलं. वेळेत पोचवणं हेच तर मी पंधरा वर्षं केलं होतं!

मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात पंप दुरुस्तीचं एक वर्कशॉप होतं. तिथला मॅनेजर केरळचा, माझ्या जुन्या नोकरीतला ओळखीचा. तो म्हणाला, "मॅडम, गाडी आपकी लाओ. एक ट्रायल लोड दूँगा. टाइम पे पहुँचा तो सालभर का काम आपका, नहीं तो सॉरी." पाच आठवडे दिले त्याने. वर्कशॉप बघायचं का असं विचारलं, पण आत जायला सेफ्टी शूज लागतात आणि माझ्या पायात सँडल. तो कुणाचे तरी भलेमोठे बूट मागवायला लागला. मी म्हटलं, नको, मला फक्त नगाची मापं मेल करा. आम्ही काचेच्या केबिनमध्ये एसीत बसून करक चहा प्यायलो आणि मी घरी आले. माप आलं की झालं, असं मला मनापासून वाटत होतं.

आता ड्रायव्हरबद्दल. ते गुहागरकडचे, आमच्या मंडळाच्या गणपतीत मांडव घालायला यायचे, म्हणून ओळख. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला वहिनी. अकरा वर्षं त्यांनी इथे तीन टनी पिकअप चालवलेली, म्हणजे आपल्याकडच्या टेम्पोहून जरा थोराड गाडी. त्यांची कंपनी बंद पडायला आली होती. नवा व्हिसा देणारं कोणी मिळालं नाही तर गाशा गुंडाळून गावी जायचं, आणि मुलगी चिपळूणला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी त्यांना शब्द दिला होता, "भाऊ, सालभराचं काम हातात आलं की तुमचा व्हिसा माझ्या धंद्याच्या लायसन्सवर." तोवर महिन्याभराचं तात्पुरतं परमिट काढलं. त्या एका ट्रायल लोडवर माझा धंदा होता, पण त्यांचं तर इथलं राहणंच होतं. हे मला पक्कं माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आणि तरी ट्रक बघायला मी त्यांना नेलं नाही! नवरा म्हणाला होता, "अगं, भाऊंना घेऊन जाऊ." मी म्हटलं, "ते चालवणार आहेत, निवडणार नाहीत. शिवाय तिथे सगळं इंग्लिशमध्ये बोलणं. ते बिचारे अवघडतील." बिचारे म्हणे. स्वतःच्या शहाणपणावर माझा केवढा विश्वास!

जुन्या गाड्यांच्या यार्डात चार शनिवार-रविवार घातले. त्या उन्हात डोकं भणभणायचं. बायको ट्रक घेतेय हे तिथल्या कुणाच्या पचनीच पडत नव्हतं. प्रश्न मी विचारायचे, उत्तर नवऱ्याला मिळायचं. "सर, गिअरबॉक्स एकदम नया." अरे, गिअरबॉक्सचं मी विचारलं ना? तो बँकेत काम करतो, त्याला गिअरबॉक्स आणि कुकरची शिट्टी सारखीच! एक विक्रेता तर मला म्हणाला, "मॅडम, आप छाँव में बैठो, जूस पियो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हट्टाने प्रत्येक ट्रकच्या खाली वाकून बघायला लागले. काय बघायचं ते कळत नव्हतं, पण वाकत होते.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक उघडी, मागे नुसता सपाट लोखंडी पाट, तीन बाजूंनी खाली पडणाऱ्या फळ्या, रंग गेलेला, कुठे कुठे पोचे. दुसरी बंद बॉडीची, पांढरीशुभ्र, छपराची, मागे दोन फळ्यांचं दार. मी पंधरा वर्षं जबल अलीत काढलेली. तिथे माल म्हणजे खोकी. पॅलेटवर रचलेली, प्लास्टिकने गुंडाळलेली. ट्रक डॉकला पाठ लावून उभा राहायचा, मागचं दार उघडायचं, फोर्कलिफ्ट आत, माल आत, दार बंद. मागच्या दाराशिवाय माल गाडीत जातो हे माझ्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं. वर वाळू उडते, ऊन लागतं, बंद गाडीत माल कसा सुरक्षित! शिवाय दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव मोठ्ठं रंगवता येईल. शीटमध्ये तिला शंभराला एकोणनव्वद पडले. मॅनेजरने पाठवलेली मापं घातली: नग साडेतीन मीटर, माझी बॉडी सव्वाचार. वजन दीड टन, माझी गाडी तीन टनाची. बसतंय की! वर जागाही उरतेय.

"पासष्ट हजार दिरहम," विक्रेता म्हणाला. "म्हणजे पंधरा लाख!" नवरा तिथल्या तिथे मोठ्याने म्हणाला, आणि विक्रेत्याने पुन्हा त्याच्याकडेच बघून मान डोलावली. उघडी गाडी आठ हजारांनी स्वस्त होती. मी म्हटलं, आपल्याला स्वस्त नको, योग्य हवं. हे वाक्य मी इंग्लिशमध्ये म्हटलं होतं, म्हणजे जरा जास्तच लागलं असेल.

मग पूजा. आपण सायकल घेतली तरी नारळ फोडतो, ही तर ट्रक. आमच्या टॉवरच्या बेसमेंटच्या पार्किंगमध्ये तिची उंची बसेना, सिक्युरिटीवाल्याने बाहेरूनच हात हलवले. म्हणून मागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत उभी केली. झेंडूचा हार मिळवायला दोन दुकानं पालथी घातली. चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मुलगी बारा वर्षांची, तिने फोटो काढले आणि म्हणाली, "आई, इट लुक्स लाइक अ फ्रिज." भाऊ त्यांच्या कामगारांच्या कॅम्पवरून बस बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी गाडी पहिल्यांदा पाहिली ती ही अशी, हार घातलेली.

नारळ नवऱ्याने फोडला. एका फटक्यात फुटला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. भाऊंनी गाडीला एक फेरी मारली. मागचं दार उघडून आत पाहिलं. मग वर छपराकडे पाहिलं, पाहतच राहिले. तेवढ्यात नवरा सहज म्हणाला, "छप्पर जरा अडचणीचं होईल का गं?" झालं! सकाळपासून माझं डोकं तापलेलंच होतं, चार आठवड्यांचा सगळा राग तिथे बाहेर आला. मी म्हटलं, "नारळ फुटलाय आता. कुणी एक अक्षर वाकडं बोलायचं नाही. नाट लावू नका माझ्या गाडीला!" आणि सगळ्यांच्या हातात पेढे ठेवले. भाऊंनी पेढा घेतला, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "छान आहे, वहिनी."

आमच्याकडे हे असंच असतं. घर घ्या, गाडी घ्या, मुलगी बघून या, नारळ फुटेपर्यंत हजार जण हजार खोट्या काढतील. एकदा फुटला की सगळे गप्प. नव्या वस्तूला नाव ठेवणारा माणूस अभद्र तोंडाचा ठरतो. मला हे लहानपणापासून माहीत आहे आणि मी त्याचाच दंडुका करून सगळ्यांना गप्प बसवलं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला मॅनेजरचा फोन आला. रुवैसच्या पुढे, अडीच-तीन तासांवर एका ठिकाणी पंप बंद पडला होता, दुरुस्त केलेला नग दुपारी एकच्या आत गेटवर हवा. मी भाऊंबरोबर पुढच्या सीटवर बसून निघाले. या वेळी सेफ्टी शूज स्वतःचे नेले होते, नवे कोरे, पायाला चावत होते. भाऊ रस्ताभर स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. मला वाटलं, टेन्शन असेल. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, आज झालं की उद्या तुमच्या व्हिसाचे कागद टाकू." ते म्हणाले, "देव करो."

वर्कशॉपच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आत गेले. आणि वर पाहिलं. छताला आडवे लोखंडी रूळ, त्यावर सरकणारी क्रेन, क्रेनला साखळी, आणि साखळीला आमचा तो नग, जमिनीपासून माणूसभर उंच, हळूहळू आमच्याच दिशेने येत होता. वरून. बाजूला दोन उघड्या गाड्या उभ्या होत्या, आ वासून. त्यांच्यात माल वरून उतरत होता. इथे सगळा मालच वरून उतरत होता. ते साखळीला लोंबणारं धूड आणि माझी गाडी यांच्यामध्ये माझं पांढरंशुभ्र, धुतलेलं, एकोणनव्वद मार्कांचं छप्पर होतं.

क्रेनवाल्याने क्रेन थांबवली. मॅनेजर बाहेर आला, गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम," तो म्हणाला, "ये तो आइसक्रीम का गाडी है." आजूबाजूची पोरं खीखी करून हसली. मी म्हटलं, "फोर्कलिफ्ट से डालो ना, पीछे से." माझा आवाज मलाच बारीक वाटला. बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. नग खाली ठेवला, फोर्कलिफ्टने उचलला. पण तो लांबट नग पोटाशी धरूनच उचलता येतो, म्हणजे आडवा. आडवा साडेतीन मीटर, आणि माझं दार दोन मीटर. फिरवला, तिरका केला, एका टोकाने आत ढकलायचा म्हटलं तर दुसरं टोक खाली झुकायला लागलं. सेफ्टीवाल्या माणसाने दोन्ही हात वर केले. "खलास, खलास! नो!"

घड्याळात आठ वाजून पन्नास झाले होते. मॅनेजरने माझी आणखी वाट पाहिली नाही, आणि ते बरोबरच होतं. त्याने कोपऱ्यातल्या एका पठाणाला हाक मारली. त्याची गाडी इतकी खटारा की आमच्या शीटमध्ये तिला वीसही मिळाले नसते. त्याने ती शेडखाली घेतली, क्रेन सरकली, नग खाली आला, बसला. मी बाजूला उभी. रडू यायच्या ऐवजी सगळ्यांचा नुसता राग येत होता. विक्रेत्याचा, मॅनेजरचा, त्या पठाणाचा, पायातल्या बुटांचा.

मी वळून भाऊंना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ते खाली बघत म्हणाले, "हो, वहिनी."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी बघितली तेव्हाच."

"अहो, मग तोंड का नाही उघडलंत? अकरा वर्षं गाडी चालवताय ना? तुमच्याच पोटावर पाय येतोय, एवढंही कळलं नाही?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की क्रेनवालाही वळून बघायला लागला.

भाऊ शांतपणे म्हणाले, "नारळ फुटला होता. वहिनी, तुम्हीच म्हणालात, एक अक्षर बोलू नका. मी बोललो असतो नि पुढं काही वाईट झालं असतं तर? माझ्या जिभेमुळं झालं असं वाटलं असतं." मग म्हणाले, "आधी बोलावलं असतंत तर बोललो असतो."

हात टेकले मी. स्वतःपुढेच टेकले.

तिकडे पठाण एकटा साखळ्या बांधत होता आणि धड बांधत नव्हता. भाऊंना राहवेना. ते पुढे झाले, बाजूला पडलेले लाकडी ठोकळे उचलले, नगाच्या दोन्ही अंगांना पाचर मारली, साखळी काढून पुन्हा उलट्या बाजूने फिरवली, पट्टे ताणले, हलवून पाहिलं. पाच मिनिटं लागली असतील. आमच्या गाडीचं नाक कापलं गेलं आणि हा माणूस दुसऱ्याचा माल बांधून देतोय! मॅनेजर दारात उभा राहून बघत होता. पठाणाची गाडी सुटल्यावर तो सरळ भाऊंकडे गेला. "तुम किधर काम करता है? वीजा है?" त्याच्याकडे स्वतःची एक उघडी गाडी होती आणि ड्रायव्हर सुट्टीवर जाऊन परतलाच नव्हता. व्हिसा, राहायला जागा, सगळं तो तिथेच बोलायला लागला.

भाऊ म्हणाले, "नहीं साब. मैं वहिनी की गाडी पे है."

मॅनेजरला वहिनी म्हणजे काय ते कळलं नाही, पण त्याने माझ्याकडे पाहिलं. मला ते "वहिनी की गाडी" ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कसली गाडी? काम गेलं होतं. मी त्यांना ना व्हिसा देऊ शकत होते ना महिन्यानंतरचा पगार. आणि हा माणूस शब्दाला जागत उभा. माझं डोकंच फिरलं. "भाऊ, हो म्हणा त्यांना," मी म्हटलं. ते म्हणाले, "नाही वहिनी, मी गाडीला हात लावून नमस्कार केलाय." मी म्हटलं, "मी सांगतेय ना! जा म्हणजे जा! आत्ताच्या आत्ता ऑफिसात जाऊन पासपोर्टची कॉपी द्या!" पुन्हा ओरडलेच मी. चांगली गोष्टसुद्धा मला त्या दिवशी ओरडल्याशिवाय सांगता आली नाही.

ते गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा हातात एक कागद होता आणि चेहरा असा, की आनंद करावा की नाही ते ठरत नव्हतं. त्यांना लगेच, त्याच दिवशी थांबायला सांगितलं होतं. माझी गाडी आता मलाच घरी न्यायची होती, आणि मी ती अजून एकदाही चालवली नव्हती.

मी वर चढून बसले. सीट माझ्यासाठी फारच मागे. भाऊंनी खाली उभं राहून सीट पुढे घ्यायचा खटका दाखवला. मग किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले, "वहिनी, हँडब्रेक अगदी वरपर्यंत ओढा. ढिला आहे. सिग्नलला चढ असेल तर गाडी मागं येते."

"कधीपासून ढिला आहे?"

ते बाजूचा आरसा पुसायला लागले.

मी किल्ली लावलीच नाही. "भाऊ," मी म्हटलं, "आणखी काय काय आहे?"

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सांगू?" त्यांनी विचारलं, अगदी परवानगी मागितल्यासारखं.

"सांगा."

मग ते बोलायला लागले. मागच्या डाव्या टायरपासून सुरुवात केली.